वाऱ्याची मोट

महसुली दप्तरांत बुलढाणा जिल्ह्याचे तालुके कितीही असोत, लोकांच्या बोलण्यात या जिल्ह्याचे भाग दोनच : घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली पूर्णेचे सपाट, काळेभोर खोरे, कापसाच्या पेठा आणि लोहमार्ग. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगांनी उचलून धरलेले चिखली-मेहकरकडचे उंच, उघडे पठार. मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जानेफळ हे गाव या वरच्या भागात मोडते. वैशाखाच्या उतरणीला येथे जो वारा सुटतो, तो आषाढ-श्रावणापर्यंत पठारावरून अखंड वाहत राहतो. आणि त्याच पठाराच्या पोटात, काळ्या पाषाणाच्या फटींत साठलेले पाणी विहिरीच्या तळाशी स्तब्ध उभे असते. वर वाहणारा वारा आणि खाली थांबलेले पाणी यांची गाठ घालून देता आली, तर शेतकऱ्याच्या बैलांचे श्रम वाचतील आणि रब्बीचा हरभरा-गहू पिकेल, हा विचार भल्याभल्यांच्या मनात येऊन गेला. त्या विचाराचा गेल्या शतकातील प्रवास, त्याचा उत्कर्ष आणि त्याचे अपयश यांची हकिगत घाटावरच्या गावांनी समजून घेण्याजोगी आहे.

या हकिगतीचा आरंभ मोटेपासून करावा लागतो. कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाणी उपसण्याचे जानेफळसारख्या गावांना माहीत असलेले मुख्य साधन तेच होते. विहिरीच्या काठावर दगडी थारोळे, त्याच्या डोक्यावर लाकडी चाक, थारोळ्याच्या कडेला फिरता कणा. चाकावरून जाणारा जाड नाडा आणि कण्यावरून जाणारा बारीक सोंदूर. आणि या दोन दोरांना बांधलेली, खाली सोंड असलेली चामड्याची मोट. बैलांची जोडी उतरत्या धावेवरून खाली गेली, की भरलेली मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे धावे. मग बैल उलट्या पावलांनी धाव चढत आणि मोट पुन्हा विहिरीत उतरे. या साधनात गावाबाहेरून आणावे लागे असे काहीही नव्हते. चाक सुताराने घडवावे, मोट चर्मकाराने शिवावी, नाडा गावातच वळावा, आणि यांपैकी काही मोडले तर ते दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असावा, ही तिची खरी शक्ती होती. बैलांच्या जोडीचे बळ ढोबळ हिशेबाने एक अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५० वॅटचे. आणि तेही दिवसाचे काही तासच मिळणारे. परंतु हे बळ पाहिजे त्या महिन्यात, पाहिजे त्या प्रहरी मिळत असे, हा गुण पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यंत्रशक्ती वऱ्हाडात आली ती विहिरीसाठी नव्हे, कापसासाठी. निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या अंमलाखाली आलेल्या या प्रांताचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते जलंब-खामगाव हा लोहमार्ग आणि खामगावची कापसाची पेठ यांचे उद्घाटन झाले, आणि सरकी काढण्याच्या व गासड्या दाबण्याच्या कारखान्यांतून वाफेची इंजिने धडधडू लागली. घाटावरच्या गाड्या कापूस घेऊन घाट उतरत आणि रिकाम्या होऊन परत येत. वाफेचे बळ मात्र घाट चढून विहिरीच्या काठापर्यंत कधी आले नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणून स्मरतात, पावसाच्या भरवशावरील शेती किती असहाय आहे हे दाखवून दिले; आणि विहिरींचे पाणी उपसण्याचा प्रश्न सरकारी दप्तरांत अधिक गांभीर्याने चर्चिला जाऊ लागला.

त्या सुमारास जगात इतरत्र वाऱ्याने पाणी काढण्याची विद्या चांगलीच पुढे गेली होती. अमेरिकेत डॅनियल हॅलडे याने १८५४ साली वाऱ्याकडे आपोआप तोंड वळवणारी पवनचक्की सिद्ध केली, आणि पुढे पोलादी पात्यांच्या चक्क्यांनी तेथील विस्तीर्ण कुरणांतील गुरांना व लोहमार्गावरील इंजिनांना पाणी पुरवले. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह या खेड्यातील लोकशाळेचे शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ पासून वाऱ्यावर वीज निर्माण करण्याचे प्रयोग मांडले, आणि खेड्यापाड्यांतील तरुणांना ती यंत्रे चालवण्याचे शिक्षणही दिले. हिंदुस्थानात मद्रास इलाख्यातील उद्योगविषयक अधिकारी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विहिरींवर पवनचक्की बसवून तिच्या उपशाची मोजदाद केली. पण हे प्रयोग प्रयोगच राहिले. आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याने पवनचक्की पाहिली असेल तर ती एखाद्या छापील चित्रातच.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला प्रथमच राष्ट्रीय स्वरूप आले. १९५२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पवनशक्तीसाठी एक उपसमिती नेमली. आणि तिच्या कार्याचा एक धागा थेट पुण्यापर्यंत पोहोचतो. पुण्याच्या वेधशाळेतील उपकरण-विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे वारा मोजण्याच्या शास्त्रातील अधिकारी पुरुष होते. जर्मनीतील उलरिख हुटर यांनी रचलेले ऑलगायर जातीचे सहा ते आठ किलोवॅटचे वातविद्युतयंत्र सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोरबंदर येथे उभारण्यात आले होते. त्याच्या कामगिरीचा वृत्तांत वेंकटेश्वरन यांनी १९६१ साली रोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नव्या ऊर्जास्रोतांच्या परिषदेत सादर केला. त्यांच्याच हाताखाली १९४८ साली पुण्यात रुजू झालेल्या ॲना मणी या त्रावणकोरकडील विदुषींनी, परदेशातून आणाव्या लागणाऱ्या हवामानशास्त्रीय उपकरणांपैकी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच घडवण्याचा मार्ग मोकळा केला. वारा वाहतो हे सर्वांनाच दिसते. तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात, किती वेगाने आणि किती तास वाहतो हे वर्षानुवर्षे नोंदवून ठेवणे हे मात्र निष्ठेचे काम आहे, आणि त्या निष्ठेचे बीज पुण्याच्या त्या विभागात रुजले.

१९५९ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पुढील दशकात पाणी उपसण्याची डब्ल्यूपी-२ ही अनेक पात्यांची पवनचक्की रचली आणि ती ठिकठिकाणच्या विहिरींवर बसवून पाहिली. विमानाच्या पंखांचे शास्त्र जाणणाऱ्या अभियंत्यांनी खेड्यातील विहिरीसाठी आपली बुद्धी वेचावी, ही त्या काळाच्या ध्येयवादाला शोभणारी गोष्ट होती. तथापि याच दशकात महाराष्ट्रात दुसरीच शक्ती वेगाने पसरत होती. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, पाठोपाठ जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले, आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथील औष्णिक केंद्राने वऱ्हाडच्या वीजपुरवठ्याला आधार दिला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन होऊन खेड्यांपर्यंत तारा ओढण्यास कर्ज मिळू लागले. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी अधिक खोल नेल्या. आणि जेथे तार पोहोचली नव्हती तेथे डिझेलवर चालणारे इंजिन पोहोचले. नाडा आणि सोंदूर एका पिढीच्या आत अडगळीत गेले. तारेतून येणारे बळ स्वस्त होते आणि मागितले की मिळत होते. त्या तुलनेत पवनचक्कीला कोणी फारसे विचारीना, यात नवल नव्हते.

१९७३ सालच्या तेलाच्या भाववाढीने मात्र हे चित्र पालटले. डिझेलचे इंजिन बाळगणारा शेतकरी आणि खनिज तेलासाठी परदेशी चलन मोजणारे सरकार असे दोघेही एकाच वेळी अडचणीत आले, आणि विस्मृतीत गेलेले वाऱ्याचे बळ पुन्हा चर्चेत आले. १९७७ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील गाझीपूर येथे, ग्रामीण गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने डच तंत्रज्ञांच्या साहाय्याने एक साधी पवनचक्की सिद्ध केली. तिचे नाव १२-पीयू-५०० असे काहीसे कारखानी थाटाचे होते : पाती बारा, काम पाणी उपसण्याचे आणि चक्राचा व्यास पाचशे सेंटिमीटर. वाकवलेल्या पोलादी पत्र्याची बारा पाती, त्यांना वाऱ्याकडे वळते ठेवणारे शेपूट, वादळात चक्र बाजूला फिरवण्याची सोय, आणि माथ्यावरील भुजेपासून सरळ विहिरीत उतरणारा दांडा, ज्याच्या टोकाशी दट्ट्याचा पंप. दातेरी चाकांची गुंतागुंत यात मुळीच नव्हती. चक्राचा एक फेरा म्हणजे दट्ट्याची एक खेप. लोहाराच्या भट्टीवर घडवता येईल इतके साधे यंत्र असावे, हा त्या रचनेमागील हेतू उघडच चांगला होता.

१९८१ साली केंद्र सरकारने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला, १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते निर्माण केले, आणि १९८५ साली महाराष्ट्रात महाऊर्जा या नावाने परिचित झालेली संस्था स्थापन झाली. प्रात्यक्षिक कार्यक्रमाच्या नावाखाली पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या देशभर अनुदानावर वाटण्यात आल्या. त्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. खाते, मंजुरी, उद्दिष्ट, वाटप, अहवाल असा सरकारी कारभाराचा सगळा क्रम यथासांग पार पडला. परंतु काही वर्षांतच त्यांतील बहुसंख्य यंत्रे बंद पडून उभी राहिली.

हे असे का झाले, याचे उत्तर अंकगणितात आणि पंचांगात सापडते. वाऱ्याचे बळ त्याच्या वेगाच्या घनाने वाढते आणि घनाने घटते. वेग निम्मा झाला, तर बळ आठव्या हिश्शावर येते. पाच मीटर व्यासाचे चक्र सुमारे साडेएकोणीस चौरस मीटर क्षेत्रातून वारा पकडते. अभियंत्यांच्या ढोबळ नियमाप्रमाणे, सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा असता असे यंत्र पंपाला चारशे वॅटच्या आसपास बळ देऊ शकते, म्हणजे बैलजोडीच्या निम्म्याहून थोडे अधिक. हाच वेग तीन मीटरवर आला, की उरतात सुमारे पन्नास वॅट, आणि दहा मीटर खोलीवरून तासाला दोन हजार लिटरच्या आतबाहेर पाणी. शिवाय थांबलेले चक्र सुरू होताना पाण्याच्या स्तंभाचे पूर्ण वजन दट्ट्यावर असते, म्हणून मंद वाऱ्यात ते हलतच नाही. आता बुलढाणा जिल्ह्याचे वाऱ्याचे पंचांग पाहावे. येथे वारा जोर धरतो तो मे ते ऑगस्ट या काळात. या चार महिन्यांपैकी तीन पावसाचे. त्या वेळी खरिपाला आकाशातून पाणी मिळते आणि विहिरीवर कोणी फिरकतही नाही. कार्तिकापासून माघापर्यंत, जेव्हा हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी हवे असते, तेव्हा पठारावरचा वारा मंदावलेला असतो. वैशाखात वारा येतो खरा, पण तोपर्यंत विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते. गरज आणि शक्ती यांची वर्षाच्या चक्रात सहसा गाठच पडत नाही, असे हे दुर्दैव आहे. आणि ते घाटावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असूनही ते विचारण्यासाठी त्याच्या दारी कोणी आले नाही.

दुसरे कारण देखभालीचे. पवनचक्की रात्रंदिवस चालते हा तिचा गुण. पण रात्री उपसलेले पाणी धरून ठेवण्यास हौद नसेल तर तो गुण व्यर्थ जातो, आणि हौदाचा खर्च अनुदानात क्वचितच धरलेला असे. पंपातील चामडी वायसर झिजला की पाणी वर चढत नाही. हा वायसर पैशापासरी किमतीचा, पण तो बदलण्यासाठी लांबच लांब दांडा विहिरीतून वर ओढावा लागतो. माथ्यावरील बेअरिंगला वंगण द्यायचे तर मनोऱ्यावर चढावे लागते. ही कामे करणारा मिस्त्री गावात नव्हता, तालुक्याला नव्हता, आणि ज्या कचेरीने यंत्र दिले तिच्या खतावणीत यंत्र बसवण्याची नोंद होती, चालवण्याची नव्हती. मोट मोडली असता गावातला सुतार आणि चर्मकार धावून येत; पवनचक्की मोडली असता अर्ज करावा लागे. पॉल ला कूर यांनी यंत्राबरोबर यंत्र चालवणारी माणसेही घडवली होती, ही गोष्ट आपण उचलली नाही. आणि माझ्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत महाग चूक तीच होय.

याच काळात वाऱ्याच्या दुसऱ्या, मोठ्या यंत्रांनी मात्र यश मिळवले, आणि त्याचे कारणही शिकण्यासारखे आहे. निवृत्तीनंतर ॲना मणी यांनी बंगळूर येथून देशातील वाऱ्याच्या मोजणीचे काम हाती घेतले. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या बंगळूर केंद्रामार्फत शेकडो ठिकाणी मनोरे उभे राहिले. १९८३ साली त्यांनी डी. ए. मुळे यांच्यासह भारतातील पवनशक्तीच्या आकड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८६ च्या सुमारास देशात जे पहिले पवनविद्युत प्रकल्प उभारले गेले, त्यांत गुजरातेतील ओखा आणि तमिळनाडूतील तुतिकोरिन यांच्याबरोबर आपल्या सिंधुदुर्गातील देवगडही होते. तेथील समुद्रकड्यावर डेन्मार्ककडील पंचावन्न किलोवॅटची यंत्रे फिरू लागली. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळ्याकडील ब्राह्मणवेल येथे यंत्रांची रांगच लागली. या यंत्रांना विहिरीच्या हंगामाशी कर्तव्य नव्हते. ती वीज सार्वजनिक जाळ्यात सोडत, आणि आषाढातला वारा साताऱ्यात उपजून मुंबईतील दिवा लावू शकत असे. शिवाय त्यांच्यासाठी आधी वारा मोजला गेला होता आणि यंत्राशेजारी राहणारा पगारी मिस्त्री नेमला गेला होता.

समुद्राच्या बळाचा इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो. केरळात विळिंजम येथे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने १९९१ साली लाटांवर चालणारे दीडशे किलोवॅटचे केंद्र उभारले. लाट आत शिरली की कोंडलेली हवा दाबली जाऊन चक्र फिरवी. पण तेथेही पावसाळ्यातील उधाणाचे आणि इतर महिन्यांतील शांततेचे अंतर फार मोठे होते. भरती-ओहोटीचे बळ याहून विश्वासू, कारण त्याचे वेळापत्रक वर्षानुवर्षे आधी मांडता येते; फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावरील २४० मेगावॅटचे केंद्र १९६६ पासून त्यावर चालत आले आहे. परंतु तेथील भरतीची उंची आपल्या कोकण किनाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. लाट असो, भरती असो वा वारा असो, निसर्गाचे वेळापत्रक आधी वाचावे आणि मग यंत्र मागवावे, हा नियम सर्वत्र सारखाच आहे.

लहान वातयंत्राची आशा त्यानंतरही पूर्णतः मावळली नाही. सौर तावदाने आणि छोटे वातयंत्र यांची जोडी करण्याचा केंद्राचा कार्यक्रम निघाला, तेव्हा त्यात महाराष्ट्र देशात अग्रभागी राहिला. शाळांवर, वसतिगृहांवर आणि कचेऱ्यांवर ही यंत्रे बसली. त्यामागील कल्पना योग्य होती, कारण पावसाळ्यात ऊन कमी आणि वारा अधिक, तर हिवाळ्यात वारा कमी आणि ऊन अधिक, अशी ही दोन बळे एकमेकांची उणीव भरून काढतात. पण येथेही देखभालीचा प्रश्न तोच उभा राहिला. आणि दरम्यान सौर तावदाने इतकी स्वस्त झाली की वाऱ्याच्या चक्राला त्यांच्या शेजारी उभे राहणे कठीण झाले. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेने आणि राज्याच्या सौर कृषिपंप योजनांनी आता विहिरीवर सूर्याचे बळ आणले आहे. हिवाळ्याच्या निरभ्र आकाशात, हरभरा पाण्याची वाट पाहत असतो त्याच महिन्यांत, सूर्य भरपूर देतो. म्हणजे वाऱ्याचे जे पंचांग चुकले, ते सूर्याचे जुळले.

परंतु पंचांग जुळले म्हणून काम झाले असे मानण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण वाऱ्याच्या यंत्रांचा पराभव केवळ ऋतूने केला नव्हता. तावदानावरील धूळ, जळालेला नियंत्रक आणि खराब झालेला पंप यांच्यापुढे शेतकरी आज पुन्हा अर्ज घेऊन उभा राहणार असेल, तर चाळीस वर्षांपूर्वीचा धडा आपण गिरवलाच नाही असे म्हणावे लागेल. जानेफळसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींना म्हणून माझी विनंती आहे, की शक्तीचे कोणतेही साधन मागताना, ते वाऱ्याचे असो वा उन्हाचे, तीन गोष्टी आधी लेखी मागाव्यात : आपल्याच शिवारात निदान एक वर्षभर केलेल्या मोजणीचे आकडे, पाणी वा वीज साठवण्याची तजवीज, आणि आपल्याच गावातील दोन तरुणांना त्या यंत्राच्या दुरुस्तीचे शिक्षण. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि आजवर सर्वांत कमी मागितली गेली आहे. ती मिळेपर्यंत बाकीच्या मंजुरीवर अंगठा उठवू नये.